नवी कोल्हापुरी पायाला चावतेय, लग्न तोंडावर आलंय. उपाय सुचवा

केतकी_वन
पुढच्या महिन्यात साताऱ्याला मावसभावाचं लग्न आहे. नऊवारीवर घालायची म्हणून खास कोल्हापूरहून कापशी चप्पल मागवली. मैत्रिणीने तिथल्या चप्पल लाईनीतून स्वतः बघून घेतली, त्यामुळे माल अस्सल आहे. कपाट उघडलं की चामड्याचा वास घरभर होतो. दिसायला देखणी, पण घरातल्या घरात जरा वेळ घालून फिरले तरी उजव्या अंगठ्याला आतून लाल होतं आणि पट्ट्याची कड पावलाच्या उंचवट्यावर घासते. डावा पाय मात्र खुशाल आहे.

आई म्हणते तेल लाव. बाबा म्हणतात रात्रभर पाण्यात ठेव. नवरा म्हणतो गुपचूप सँडल घाल. तिसरा सल्ला बाद, पहिल्या दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि एकूणच नवी पादत्राणं पायात रुळवायची तुमची पद्धत काय? बूट, सँडल, ट्रेकचे जोडे, काहीही चालेल, म्हणजे धागा इतरांच्याही कामी येईल.

मिरचीभजी
तेल. पुढचा प्रश्न.

तिरकस
काही करू नका. हॉलच्या दारात काढून ठेवायचीच आहे. दुसरी पंगत उठेपर्यंत कोणीतरी ती घालून गेलेलं असेल. पुढे रुळवणं त्यांच्याकडे लागलं.

केतकी_वन
@तिरकस, शुभ बोला की हो!

रंकाळा_काठ
ताई, कोल्हापूरकर म्हणून हक्कानं सांगतो, पाण्यात अजिबात ठेवू नका. बाबांना नमस्कार सांगा, पण त्यांच्या मनात आहेत त्या शेतातल्या जाड वहाणा. त्या भिजवून, तेल पाजून, चिखलातनं ओढत घालायच्या. तुमची कापशी नाजूक काम आहे. बाभळीची साल आणि हिरडा यात कमावलेलं कातडं, तळाला थरावर थर, आणि शिवण चामड्याच्याच वादीची. पाणी पिलं की तळ फुगतो, शिवण ढिली पडते, वाळताना वाकडं होतं ते वेगळंच. वर बुरशी फुकट.

तेल लावायचं, पण आईला विचारा किती. लोक आमटीला फोडणी दिल्यागत ओततात. एरंडेल किंवा करडईचं, दोन बोटं ओली होतील एवढंच. जुन्या सुती कापडाच्या चिंधीनं पट्ट्याच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या आतून आणि चपलेच्या दोन्ही कानांना, म्हणजे बाजूच्या पाकळ्यांना, चोळायचं. तळाला थेंबसुद्धा नको, पाय घसरतो आणि धूळ बसते. रात्रभर सावलीत ठेवा, उन्हात नाही. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा, मग पट्टा दोन्ही हातांत धरून मागंपुढं वाकवत राहा. टीव्ही बघत बघत होतंय ते काम.

अंगठ्याची आतली कड टोचत असेल तर ती तेलानं जाणार नाही. कातड्याची कापीव कड ती, रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या पातीनं, मारून घ्यायला लागती. कुणीही चांगला कारागीर दोन मिनिटांत करून देतो.

सुईदोरा
तेलाला माझा विरोध. मागे मामेबहिणीने लग्नासाठी नव्या चपलेला खोबरेल चोपडलं आणि पांढऱ्या शुभ्र सलवारीच्या बॉर्डरला पिवळे डाग. ड्रायक्लीनिंगवाल्याने हात जोडले. त्यापेक्षा कोरडा साबण घासा, अंगाचा, चपलेच्या आतून. आमच्या शाळेच्या काळ्या बुटांना जूनमध्ये आजी तेच करायची. नाहीतर मेणबत्ती.

रंकाळा_काठ
@सुईदोरा, खोबरेल चोपडलं आणि पुसलं नाही, त्याला तेल काय करणार? पुसणे हा अर्धा विधी आहे.

गणिती_गोगलगाय
इंटरनेटवरचा लाडका उपाय: पिशवीत पाणी भरून बुटात घाला आणि बूट फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ होताना पाणी प्रसरण पावतं आणि बूट सैल होतो म्हणे. हिशेब करू या. बर्फ होताना आकारमान वाढतं ९ टक्के. पण हे तिन्ही दिशांना मिळून. एका दिशेला जेमतेम ३ टक्के. आणि पिशवीचं तोंड वर मोकळं असतं, म्हणजे बर्फ अवघड वाटेने बूट ताणण्यापेक्षा सोप्या वाटेने वर सरकतो. बूट सैल होवो न होवो, आइस्क्रीमच्या डब्याशेजारी बूट बघून घरात जे तापमान वाढतं ते मोजण्यासारखं असतं.

कोल्हापुरीला तर हा उपाय विचारातही घेऊ नका, तिला पिशवी धरायला चार भिंतीच नाहीत.

मिरचीभजी
खिक्क! आमच्याकडे बटाटे भरून ठेवतात.

तिरकस
नंतर त्या बटाट्यांचं काय करता हे विचारणार नाही. भजीवाल्या आयडीला तर नाहीच.

माप_मोडे
सगळे उपाय वाचले. एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. कातडं मऊ होणं वेगळं आणि माप बसणं वेगळं. तेल, साबण, हेअर ड्रायर, जाड मोजे, हे सगळं कातडं मऊ करण्याचे उद्योग आहेत. ज्या जोड्याचं माप पायाला बसलेलं आहे पण कातडं कडक आहे, तो यांनी रुळतो. ज्याचं मापच चुकलंय तो वर्षभर घातला तरी घासणार, फक्त मऊपणे घासेल.

धागाकर्तीने स्वतःच सांगितलंय की डावा पाय ठीक आहे आणि उजवा नाही. कातडं दोन्हीकडे तेच, कारागीर तोच. म्हणजे प्रश्न कडकपणाचा कमी आणि उजव्या पायाचा जास्त. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. एक थोडा लांब किंवा रुंद असतो, आणि जोडा नेहमी मोठ्या पायाला बघून घ्यावा. इथे मैत्रिणीने घेतली, म्हणजे पाय दुकानात गेलाच नाही.

मी पादत्राणांच्या डिझाइनमध्ये काम करतो म्हणून थोडं अधिक सांगतो. आपल्याकडे मापं ब्रिटिश किंवा युरोपीय, साचे तिकडच्या पायाचे. आपले पाय पुढून रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या मार्चपर्यंत देशात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले, आणि त्यातून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली. पाय रुंद म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात. मग रुंदी जमते पण लांबी जास्त होते, टाच आत वरखाली होते आणि फोड टाचेला येतो. मग लोक म्हणतात बूट कडक आहे.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय सुजतात. जे मोजे घालणार तेच घालून बघा. उभं राहून बघा, बसून नाही. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याची रुंदी मावेल एवढी जागा ठेवा. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं.

केतकी_वन
@माप_मोडे, अरेच्चा! आत्ता कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलीने आखले. उजवा खरंच रुंद निघाला, अंगठ्याच्या खालच्या हाडापाशी. आता?

रंकाळा_काठ
आता कारागीर गाठा. कापशीचा पट्टा तळाच्या थरात अडकवून शिवलेला असतो. शिवण उसवून पट्टा जरासा सैल करून परत शिवता येतो. पण हे रबरी सोल चिकटवणाऱ्याकडे नका देऊ, कोल्हापुरीचं काम येणाऱ्याकडेच द्या. नाहीतर तो खिळा मारून मोकळा होईल.

डॉ_गुळवेल
फोड येतो कसा ते सांगते, म्हणजे उपाय निवडणं सोपं जाईल. आपल्याला वाटतं वरून घासून घासून साल जाते आणि फोड येतो. तसं नाही. कातडी जोड्याला चिकटून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकतं. मधल्या थराला ती ओढाताण सहन होत नाही, तो आतल्या आत फाटतो आणि त्या फटीत पाणी भरतं. म्हणून फोडाच्या वरची कातडी शाबूत असते. वरून सोलवटतं ते वेगळं, कोल्हापुरीच्या कडेने होतं ते तेच.

यात घामाचा वाटा मोठा. ओलसर कातडी सगळ्यात जास्त चिकटते. सुती मोजे घाम धरून ठेवतात, लांब चालायला ते वाईट. टाल्कम पावडर सुरुवातीला बरी वाटते, घामात भिजली की तिचाच लगदा होऊन टोचायला लागते. व्हॅसलीन चांगलं, पण तास-दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.

घाम थांबवणारी औषधं पायाला लावण्याचाही प्रयोग झालाय. १९९८ साली अमेरिकी लष्करी छात्रांच्या २१ किलोमीटरच्या चालीत औषध लावलेल्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण लावलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या पायांची आग झाली. तेव्हा घरी करू नका.

आणि एक महत्त्वाचं. मधुमेह असलेल्यांनी या धाग्यातला कोणताही 'रुळवायचा' उपाय करू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चप्पल लागतेय हेच कळत नाही. नवा जोडा पहिल्या दिवशी तासभर, मग काढून पाय निरखून बघायचे, तळवा आरशात. लाल डाग दिसला तर तो जोडा परत.

आजोळ
@डॉ_गुळवेल, यावरून आठवलं. आमच्या नानांना शुगर आहे. सकाळी फिरायला जाताना बुटात हात घालून बघायची सवय त्यांना डॉक्टरांनी लावली. एकदा त्यात नातवाचा लेगोचा तुकडा निघाला. नानांना तो पायाला कळलाच नसता.

पायवाट
वारीचा अनुभव सांगतो. आमच्या दिंडीत दरवर्षी काही हौशी मंडळी आळंदीला नवेकोरे बूट घालून येतात. पुण्यापर्यंत जमून जातं. पुणे ते सासवड हा टप्पा लांबलचक, त्यात दिवेघाट. सासवडला मुक्कामावर पोचलं की हीच मंडळी राहुटीबाहेर पाय पसरून बसलेली असतात आणि कोणाकडे जुनी स्लिपर आहे का विचारत असतात.

आषाढ असल्यामुळे पाय ओले राहतात हा मोठा घोटाळा. आमचे विणेकरी सांगतात ते साधं आहे: प्रत्येक विसाव्याला जोडे काढायचे, पाय पुसायचे, पाच मिनिटं वाऱ्याला ठेवायचे, मोजे बदलायचे. ओले मोजे पिशवीला बाहेरून बांधून चालायचं, पुढच्या विसाव्यापर्यंत वाळतात. फोड येणार असेल तर आधी ती जागा गरम लागते. 'पुढच्या गावात बघू' असं म्हणणाऱ्याला पुढच्या गावात फोडच बघायला मिळतो.

आणि आमच्यातले एक आजोबा सगळी वाट अनवाणी चालतात. त्यांना फोड नाही, काही नाही. त्यामुळे जोडाच नको, हा खरा उपाय :)

डॉ_गुळवेल
@पायवाट, आजोबांना दंडवत. पण घट्टे पडले म्हणजे फोड येणारच नाही असं नाही. कधीकधी घट्ट्याच्या खाली खोलवर फोड येतो, आणि तो फार दुखतो. आजोबांचं आयुष्य अनवाणी गेलं असेल. आपलं तसं नाही.

क्रीडा_कट्टा
अनवाणीचा विषय निघालाच आहे तर इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला आठवलाच पाहिजे! रोम ऑलिंपिक, १९६०. नवे बूट पायाला नीट बसेनात म्हणून गड्याने सरळ अनवाणी मॅरेथॉन धावली आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत सोनं जिंकलं. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला, आणि त्यापेक्षा तीन मिनिटं आधी पोचला.

माप_मोडे
म्हणजे बुटाने तीन मिनिटं वाचवली. माझ्या धंद्याच्या बाजूने एक गुण.

गणिती_गोगलगाय
रोमला रात्रीचा गारवा होता, मार्ग वेगळा, माणूस चार वर्षांनी जास्त तयार. तीन मिनिटांचं श्रेय बुटाला देता येत नाही. शिवाय तो अनवाणी पळायचा सराव आधीपासून करत होता. आयत्या वेळी बूट फेकून देणाऱ्या कोणीही हे करू नये.

तिरकस
सातारा मॅरेथॉन नाही, लग्न आहे. हलके घ्या.

डोंगरदऱ्या
ट्रेकवाल्यांकडून माझे दोन पैसे.

नवे बूट थेट हरिश्चंद्रगडाला न्यायचे नाहीत. आधी घरात, मग भाजी आणायला, मग सिंहगड, मग मोठी चढाई. यात शॉर्टकट नाही.

दुसरं, फोड चढताना टाचेला येतो आणि उतरताना बोटांना. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, बोटं आपटतात, नखं काळी होतात. राजगडाहून गुंजवण्याला उतरल्यावर कित्येकांनी हे भोगलंय. बुटाला सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक लोक ते मोकळंच सोडतात. ते याच्यासाठीच असतं. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटा फास राहू द्या. दोन्ही बाजूंना असे फास झाले की उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून काढा. आता खाली ओढून गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते आणि पुढची बोटं मोकळी राहतात. उतरण्याआधी हे एवढं करा, बूट तोच पण फरक कळतो.

तिसरं, ड्रेसिंगला डॉक्टर वापरतात ती पांढरी कागदी चिकटपट्टी. जिथे नेहमी फोड येतो तिथे आधीच लावायची, फोड आल्यावर नाही. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अडीचशे किलोमीटरच्या शर्यतींत पळणाऱ्यांवर हे तपासलं, आणि पट्टी लावलेल्या जागी फोड सुमारे ४० टक्के कमी आले. महागड्या जेलपट्ट्यांपेक्षा स्वस्त आणि काढताना कातडी ओढत नाही.

सुईदोरा
फोड आलाच तर? आमच्याकडे सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा तसाच ठेवतात. पाणी झिरपून जातं. आयडीचं नाव त्यामुळेच नाही, पण चाललं असतं.

डोंगरदऱ्या
आमच्या ग्रुपमध्येही हेच करतात. एक काका सैन्यातून निवृत्त आहेत, त्यांनी शिकवलं.

डॉ_गुळवेल
दोरा नको! पाणी बाहेर येतं त्याच दोऱ्यावरून घाण आत जाते. लहान फोड असेल तर फोडूच नका, वरची कातडी हीच उत्तम पट्टी. मोठा आणि चालताना दुखणारा असेल तर साबणाने पाय धुवा, सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला एक-दोन भोकं पाडा, मधे नाही. पाणी हलकेच दाबून काढा. वरची साल काढू नका. त्यावर व्हॅसलीन आणि स्वच्छ पट्टी. आजूबाजूला लाली वाढली, पू आला, पायावर लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला तर थेट डॉक्टर.

घाबरवत नाही, पण कॅल्विन कूलिज अमेरिकेचे अध्यक्ष होते तेव्हा १९२४ साली त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या कोर्टवर मोज्यांशिवाय टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि तो आठवड्याभरात गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, म्हणून दोऱ्याचे लाड परवडतात.

मिरचीभजी
बाप रे. मी आत्ताच्या आत्ता मोजे घालतेय.

लोकल_प्रवासिनी
तुम्ही सगळे गड आणि ऑलिंपिकवर. रोज साडेआठची लोकल पकडून ऑफिसला टोकदार बेली घालणाऱ्या बाईचं काय? आमच्या डब्यात अलिखित नियम आहे: प्रवासात चप्पल, पर्समध्ये पिशवीत बूट, चर्चगेटला उतरून बाकड्यावर बदलायचे. नवा जोडा असेल तर तो आधी फक्त टेबलाखाली घालायचा. म्हणजे बसून. जेवणाच्या सुट्टीत कँटीनपर्यंत. मग हळूहळू त्याचं राज्य वाढवायचं. टाचेच्या मागच्या शिवणीवर आतून पातळ फोमची पट्टी चिकटवते, स्टेशनबाहेरच्या काकांकडे मिळते.

दुकानात एकदा विक्रेत्याने ठासून सांगितलं, 'मॅडम, दोन दिवसात लूज होईल.' सिंथेटिक होतं! सिंथेटिक सैल होत नाही, फक्त तडकतं. चामडं असेल तरच ते सैल होण्यावर भरवसा ठेवा.

माप_मोडे
@लोकल_प्रवासिनी, लाखातलं बोललात. त्यातही बाभूळ-हिरड्यात कमावलेलं कातडं पायाच्या उबेने आणि दाबाने पायाचा आकार घेतं. म्हणूनच जुनी कोल्हापुरी दुसऱ्याने घातली की त्याला ती विचित्र लागते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं आधीपासूनच मऊ असतं, त्यामुळे ते कमी बदलतं.

म्युनिकचा_बंड्या
इकडे हायकिंगच्या जाड चामडी बुटांबाबत दुकानदारच सांगतो, घरात आठवडाभर घाला, मळले नाहीत तर परत घेतो. मी ते घालून जिन्यावर वरखाली करत होतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी रविवारच्या शांततेचा नियम दाखवला. तेव्हापासून सोमवार ते शनिवार.

जुनाखाकी
एनसीसीचे बूट कोणी घातलेत का? ते जे काळे, लोखंडी नालवाले. पहिल्या परेडला आमचा सार्जंट म्हणाला होता, बूट तुम्हाला रुळवतील, तुम्ही त्यांना नाही. टाचेचा मागचा भाग एवढा ताठ, की आम्ही तो सोडावॉटरच्या बाटलीने लाटून लाटून मऊ करायचो. दोन मोज्यांच्या जोड्या, आतली पातळ नायलॉनची, बाहेरची लोकरीची. आता वरचं वाचून कळतंय की ती युक्ती बरोबर होती. सरकणं दोन मोज्यांच्या मधे होतं, कातडी वाचते.

डॉ_गुळवेल
@जुनाखाकी, अगदी बरोबर. आजही दोन थरांचे मोजे त्याच कारणाने विकतात.

खमंग_बातमी
कोल्हापुरी म्हटल्यावर मिलानचा विषय कसा नाही निघाला? २०२५ च्या जूनमध्ये तिथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपली चप्पल रॅम्पवर आली, आणि नाव कुठेच नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं.

तिरकस
त्या मॉडेलला फोड आला का, एवढंच कळवा.

रंकाळा_काठ
धागा मिलानला चालला, परत आणतो. एकच लक्षात ठेवा, २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. त्यामुळं अथणी-निपाणीची चप्पल नकली असं म्हणणाऱ्या पुण्यातल्या दुकानदाराचं ऐकू नका. नकली म्हणजे रेक्झिनची, आणि ती तेलानं मऊ होत नाही, चिकट होते. कातडं आहे का बघायचं तर पट्ट्याची कापीव कड बघा, आतून तंतू दिसले पाहिजेत.

केतकी_वन
काम झालं! कोल्हापूरला जाणं शक्य नव्हतं, पण आमच्या पेठेतच जुन्या वाड्याच्या दाराशी बसणारे एक काका मिळाले, त्यांचे वडील निपाणीकडे चपला बनवायचे. चप्पल हातात घ्यायच्या आधी त्यांनी माझा पाय बघितला, म्हणाले, 'चप्पल बरी आहे, पाय रुंद आहे.' उजव्या पट्ट्याची बाहेरची शिवण आरीने सोडवली, पट्टा बोटभरही नाही, जरासाच बाहेर ओढला आणि वादीने पुन्हा शिवला. अंगठ्याच्या आतली कड रापीने अशी तिरकी तासली की बोट फिरवलं तरी लागत नाही. मग घरी एरंडेल, पुसण्यासकट. आता संध्याकाळी घरात घालून स्वयंपाक करते. अंगठ्याला अजून थोडं जाणवतं, तिथे डोंगरदऱ्यांची कागदी पट्टी लावते. नऊवारीत दिसणारही नाही.

आईचं तेल जिंकलं, बाबांचं पाणी हरलं. नवऱ्याची सँडल पिशवीत घेतलीये, कोणाला सांगू नका.

लोकल_प्रवासिनी
सँडल पिशवीत घेतलीत ते उत्तम. वरातीत नाचायची वेळ आली की कळेल. आणि मांडवात चप्पल काढाल तेव्हा दोन्ही पायांतल्या एकत्र ठेवू नका, एक इकडे, एक तिकडे. एकटी चप्पल कोणी नेत नाही.

आजोळ
एक शंका. लग्न झाल्यावर पावसाळा लागेल. तेव्हा ही चप्पल ठेवायची कशी? आमच्या एका जोडीला गेल्या वर्षी कपाटात पांढरी बुरशी आली होती.

रंकाळा_काठ
पावसात घालायची नाही, हे पहिलं. भिजलीच तर फडक्यानं टिपून, वर्तमानपत्राचे बोळे पट्ट्याखाली घालून पंख्याखाली वाळवायची. ऊन नको, इस्त्री नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. पूर्ण वाळल्यावर तेलाचं एक बोट फिरवा, पुसा, कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्यामुळंच बुरशी येते. आलीच असेल तर कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका आणि एक दिवस हवेशीर सावलीत ठेवा. आणि महिन्यातनं एकदा कोरड्या दिवशी काढून घरात घालायची, म्हणजे पट्टा परत ताठ होत नाही.

आजोळ
धन्यवाद. प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती.